नोर्स्कप्रवे: ए२–बी१ की बी१–बी२?

नॉर्वेतल्या या नॉर्वेजियन भाषेच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन आणि तोंडी असे चार भाग असतात. प्रत्येकाचा निकाल वेगळा लागतो, त्यामुळे राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. खरी पंचाईत होते ती लेखन आणि तोंडीसाठी स्तर निवडताना. ए२ म्हणजे प्राथमिक, बी१ मधला आणि बी२ त्याच्या वरचा स्तर; ए२–बी१ किंवा बी१–बी२ अशी जोडीच निवडावी लागते.

नागरिकत्वासाठी ऑक्टोबर २०२२ पासून तोंडी बी१ लागतं. तेवढंच हवं असेल तर ए२–बी१ घ्या. बी१–बी२ च्या लेखनात कमी पडलात तर निकालावर फक्त ‘बी१ च्या खाली’ एवढंच येतं, पदरात ए२ सुद्धा पडत नाही. विद्यापीठात नॉर्वेजियन माध्यमातून शिकायचं असेल तर मात्र चारही भागांत बी२ लागतं, तिथे बी१–बी२ ला पर्याय नाही.

तयारीतही फरक आहे. ए२–बी१ ला साधी, पूर्ण वाक्यं आणि ओळखीचे विषय चालतात. पण क्रियापद दुसऱ्या जागी हवंच: ‘ई दाग स्पीसेर याय रीस’ (शब्दशः ‘आज खातो मी भात’). मराठीच्या सवयीने ‘ई दाग याय स्पीसेर’ निघून जातं. बी१–बी२ ला मत मांडून कारणं द्यावी लागतात, म्हणजे गौण वाक्यं आली, आणि तिथे ‘इक्के’ (नाही) क्रियापदाच्या आधी सरकतं: ‘फोर्दी याय इक्के स्पीसेर ह्यॉट’ (कारण मी मांस खात नाही). हे लिहिताना जमतं, बोलताना हमखास घसरतं.

तोंडीत बहुधा दोन उमेदवार एकत्र असतात. पाठ केलेलं भाषण तिथे कुचकामी; समोरच्याला उलट प्रश्न विचारायचा सराव जोडीदारासोबत करा.