ऑटिझम समजून घेण्यासाठी व्हीआर हेडसेट : शिक्षक-प्रशिक्षणात काही महिने वापरल्यानंतर

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी), म्हणजे डोळ्यांभोवती आभासी दृश्य उभं करणारा हेडसेट डोक्यावर चढवला की स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाचं ‘आतलं जग’ दिसतं, ही जाहिरात आहे. प्रत्यक्षात एवढंच कळतं की आवाज, चकाकी आणि गर्दी एकदम अंगावर आली की माणसाचं लक्ष, बोलणं आणि संयम किती लवकर ढासळतो. प्राथमिक शाळेच्या वर्गासाठी तेवढंही पुष्कळ आहे. पण नुसती फिल्म दाखवून सोडून दिलं, तर हाती येते ती कीव, आणि तिचा मुलांना काही उपयोग नाही.

वापर असा होता : मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ या मॉडेलचे दोन हेडसेट, एक लॅपटॉप, फोनचा हॉटस्पॉट. समोर बारा-पंधरा जणांची तुकडी. बहुतेक मराठी माध्यमाचे प्राथमिक शिक्षक, काही शॅडो टीचर (वर्गात एका मुलासोबत राहून मदत करणारे), काही पालक. क्वेस्ट २ चं उत्पादन आता थांबलंय, पण ३६० अंशांचे, म्हणजे मान वळवू तिकडचं दृश्य दाखवणारे व्हिडिओ पाहायला ते पुरेसं आहे. निव्वळ याच कामासाठी क्वेस्ट ३ घ्यायची गरज नाही. मेटाने क्वेस्ट २ भारतात अधिकृतपणे विकलं नाही. आयात करून विकणाऱ्याकडून घेताना बिघाड झाल्यास दुरुस्ती कोण करणार, हे आधी लेखी विचारून घ्या.

दाखवण्यासारख्या तयार फिल्म मुख्यतः दोन. ब्रिटनच्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने २०१६ मध्ये ‘टू मच इन्फर्मेशन’ मोहिमेसाठी केलेली, साधारण दोन मिनिटांची : शॉपिंग सेंटरमधून चाललेला मुलगा, आणि त्याच्या कानांवर आणि डोळ्यांवर आदळणाऱ्या गोष्टी. दुसरी गार्डियनची २०१७ मधली ‘द पार्टी’. यात लैला ही सोळा वर्षांची मुलगी आईच्या वाढदिवसाच्या पार्टीत आहे आणि तिचे विचार आपल्याला ऐकू येतात. पहिली धक्का देते, दुसरी समजावते. शिक्षकांसाठी दुसरी सरस, कारण बाहेरून ‘उद्धट’ वाटणारं गप्प राहणं आतून काय असतं, हे तिच्यात उलगडत जातं. अडचण इंग्रजीची. मराठी सबटायटल जोडायच्या फंदात पडू नका. ३६० अंशांत मान वळवली की अक्षरं नजरेआड जातात. प्रसंगाचा मराठी गोषवारा आधी वाचून दाखवला की काम भागतं.

आता यंत्राच्या कटकटी. सत्र फसतं ते बहुतेक इथेच.

माणूस बदलला की फिल्मची ‘समोरची’ दिशा चुकते आणि पुढचा प्रेक्षक दोन मिनिटं भिंतीकडे बघत बसतो. हेडसेट घातल्यावर उजव्या कंट्रोलरचं मेटाचं बटण दाबून धरायचं, दिशा नव्याने जुळते. दर माणसागणिक हे करायचंच. भिंगांमधलं अंतर ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीन खाचांवर बसतं. चुकीच्या खाचेवर चित्र धूसर दिसतं आणि डोकं दुखतं, आणि प्रेक्षकाला वाटतं की हा धूसरपणा फिल्मचाच भाग आहे! म्हणून फिल्म लावण्याआधी मेन्यूतलं एखादं वाक्य वाचायला सांगा. चष्मेवाल्यांसाठी खोक्यातला स्पेसर (चष्म्याला जागा करून देणारी चौकट) लावायचा. तरीही रुंद फ्रेम अडकते आणि भिंगावर ओरखडा पडतो.

अंबाडा हा स्वतंत्र विषय. मागचा पट्टा दुभंगलेला असतो; अंबाडा किंवा वेणी त्या फटीतून बाहेर काढायची, मग आधी बाजूचे पट्टे आवळायचे आणि वरचा सर्वांत शेवटी. उलट केलं तर सगळं वजन गालांवर येतं. हेडसेट अर्धा किलोचा आहे, पाच मिनिटांत जाणवतो. मूळ फोम केसांचं तेल आणि पावडर शोषून घेतो, त्यामुळे सिलिकॉनचं आवरण हवंच. ते दर वेळी पुसता येतं. भिंगं मात्र कोरड्या मायक्रोफायबर कापडानेच पुसायची, सॅनिटायझर तिथे लावायचा नाही. आणि हेडसेट खिडकीजवळ उताणा ठेवू नका : भिंगातून आलेलं ऊन आतला पडदा कायमचा जाळतं.

प्रेक्षक काय बघतोय हे लॅपटॉपवर दिसणं गरजेचं आहे. शाळेच्या वायफायवर ते बरेचदा जमत नाही, कारण तिथे एक उपकरण दुसऱ्याला दिसू नये अशी सोय केलेली असते. फोनचा हॉटस्पॉट हाच उपाय. यूट्यूबवरून फिल्म दाखवताना गुणवत्ता हाताने ४के वर न्या. आपोआप ठेवली तर चित्र पार गढूळ होतं. ४के म्हणजे चकचकीत, असंही समजू नका. ३८४० पिक्सेल पूर्ण वर्तुळात पसरलेले असतात, त्यामुळे ९० अंशांच्या दृश्याला जेमतेम ९६० मिळतात. बॅटरी दोन तासांच्या आसपास जाते, कंट्रोलरमध्ये प्रत्येकी एक पेन्सिल सेल लागतो. तुकडी मोठी असेल तर पॉवर बँक जवळ ठेवा.

खुर्ची फिरती हवी, पण चाकं नकोत. साध्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत माणसं मान वळवतच नाहीत, फक्त समोरचं बघून मोकळी होतात. आवाजाची पातळी कानाशी ८० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. फोनवरचं मोजमाप अंदाजे असतं, पण अंदाज तरी येतो. मिरगी किंवा तीव्र अर्धशिशी असलेल्यांना हेडसेट देऊ नये, आणि ‘मला नको’ म्हणायची मुभा सुरुवातीलाच, सर्वांसमोर द्यावी.

फिल्म संपल्यावर ‘कसं वाटलं?’ विचारलं की ठरलेली उत्तरं येतात : “बिचारी मुलं”, “मला तर घाबरायलाच झालं”. यात आश्चर्य नाही. मानसशास्त्रज्ञ मिशेल नॅरिओ-रेडमंड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अपंगत्वाची नक्कल करण्याच्या प्रयोगांबद्दल हेच मांडलं : सहभागींना जास्त असहाय वाटलं, आपुलकी वाढली, पण अपंग व्यक्तींशी वागण्या-मिसळण्याचा दृष्टिकोन सुधारला नाही. त्यांचे प्रयोग व्हीआरचे किंवा ऑटिझमचे नव्हते, तरी इशारा इथेही लागू पडतो. प्रश्न बदलला की चर्चा बदलते. हेडसेट काढल्या काढल्या सांगा : याच खोलीत दोन मिनिटं गप्प बसा आणि ऐकू येणारा प्रत्येक आवाज लिहा. पंख्याची करकर, जुन्या चोकची गुणगुण, शेजारच्या वर्गातले पाढे, बाकाचा फरशीवर घासणारा पाय. यादी लांबते आणि मग कोणीतरी स्वतःहून म्हणतं, “तो बाक तर आजच बदलता येईल.”

सगळ्यात जास्त फायदा झाला तो स्थानिक क्लिपचा. ब्रिटिश मॉल बघून ‘आपल्याकडे असं नसतं’ म्हणायला जागा राहते. शाळेच्या पोषण आहाराच्या रांगेत ती राहत नाही. एकाच प्रसंगाच्या तीन-तीन मिनिटांच्या दोन क्लिप करा. पहिलीत नेहमीसारखी मधली सुट्टी : घंटा, स्टीलच्या ताटल्यांचा खणखणाट, मागून धक्के. दुसरीत तीच सुट्टी चार बदल करून : घंटेच्या पाच मिनिटं आधी मूल वर्गाबाहेर पडतं, भिंतीला पाठ लावून टोकाला बसतं, बाकांच्या पायांना रबरी बुचं लावलेली आहेत, पुढे काय होणार याचं चित्रपत्रक हातात आहे. दोन्ही लागोपाठ पाहिल्यावर शिक्षक आपण होऊन बदलांबद्दल बोलतात. एकटी पहिली दाखवली की पुन्हा ‘बिचारी मुलं’.

चित्रीकरणाला ५.७के चा ३६० कॅमेरा पुरतो. तो बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण एक मीटरवर, अगदी सरळ आणि स्थिर. हातात धरून चालू नका, बघणाऱ्याला मळमळ होते. माणसं एक मीटरहून जवळ आली की दोन भिंगांच्या सांध्यावर चेहरे तुटतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइटचे पट्टे दिसतात. आवाज वेगळा रेकॉर्ड करा, कारण कॅमेऱ्याचा माइक आपोआप पातळी जुळवून घेतो आणि घंटा अन् कुजबुज एकाच मापाची होते. नंतर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही क्लिपची पातळी सारख्याच मापाने बसवायची. पहिलीचा आवाज मुद्दाम चढवला तर ती फसवणूक होते आणि जाणकार शिक्षकाच्या लगेच ध्यानात येते. व्हिडिओची निर्यात ५७६० बाय २८८० पिक्सेल, एच.२६५ या प्रकारात. फाइलच्या नावाअखेर ‘_३६०’ हा प्रत्यय इंग्रजी आकड्यांत जोडला नाही, तर हेडसेट ती सपाट व्हिडिओसारखी दाखवतो. मुलांचे चेहरे येत असतील तर पालकांची लेखी परवानगी लागेल. त्यापेक्षा शाळा सुटल्यावर शिक्षकांनीच ताटल्या घेऊन रांग लावावी. ते थोडं हास्यास्पद दिसतं, पण चालतं.

हेडसेटमधून काय निसटतं, हेही प्रत्येक तुकडीला सांगायला हवं. गणवेशाच्या कॉलरची टोचणी, खिचडीचा वास, भूक लागलीय हे न कळणं, यांतलं काहीही त्यात नाही. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी संहितेत संवेदनांना अतितीव्र आणि अतिमंद असे दोन्ही प्रतिसाद नोंदले आहेत. फिल्म फक्त पहिलाच दाखवतात. ज्याला आवाज कमी पडतो म्हणून जो बाक बडवतो, तो मुलगा या फिल्ममध्ये सापडत नाही. पडदा धूसर होणं, कानात शिट्टी वाजणं या दिग्दर्शकाच्या युक्त्या आहेत. शिवाय दोन मिनिटांत संपणार हे प्रेक्षकाला ठाऊक असतं.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसं यांच्यातलं न समजणं दुतर्फा असतं. कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांच्या २०२० मधल्या अभ्यासात एकाकडून दुसऱ्याकडे माहिती पोहोचवणाऱ्या साखळ्या केल्या होत्या : फक्त ऑटिस्टिक लोकांची साखळी इतरांच्या साखळीइतकीच चांगली चालली, मिश्र साखळीत माहिती जास्त गळली. हे कोणत्याही हेडसेटमध्ये दिसत नाही. त्यासाठी सत्रात एखादी ऑटिस्टिक प्रौढ व्यक्ती मानधन देऊन बोलवावी, आणि क्लिपही तिला आधी दाखवावी. तिने ‘हे माझ्यासारखं नाही’ म्हटलं तर तेही तुकडीला ऐकू द्यावं.

पैशांचा हिशेब : एका शाळेने स्वतःसाठी विकत घ्यावं असं हे साधन नाही. केंद्रप्रमुखांच्या पातळीवर दहा-बारा शाळांत फिरवलं तरच परवडतं. बजेट कमी असेल तर आधी रबरी बुचं, आवाज अडवणारे कानावरचे मफ आणि एलईडी ट्यूब घ्या. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा शाळांकडून वाजवी सोयीच मागतो, व्हीआर मागत नाही. हेडसेट घेतलाच तर वर्गातल्या स्वमग्न मुलाला ‘तुला असंच होतं का?’ म्हणून तो घालायला लावू नका. मेटाची वयोमर्यादा १३ होती, २०२३ मध्ये पालकांच्या नियंत्रणाखालच्या खात्यासाठी ती १० झाली. पण इथे मुद्दा वयाचा नाही, त्या मुलाच्या कपाळावरच्या घट्ट पट्ट्याचा आहे.