एम.एस्सी. फिजिक्स : दोन वर्षं वापरून झाल्यावर

मी 2022 ते 2024 मध्ये एम.एस्सी. फिजिक्स केलं. विद्यापीठ महाराष्ट्रातलंच, सरकारी. नाव लिहीत नाही. लिहिलं तर आमच्या लॅबच्या मामांकडं, म्हणजे लॅब अटेंडंटकडं, कुणीतरी खुलासा मागेल, आणि त्यांची निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत. दर जून-जुलैत मला बार्शीहून फोन येतात, “ताई, बी.एस्सी. झालं, फिजिक्सला एम.एस्सी. घेऊ का?” प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी मी कुठल्या पायरीवरून आत गेले ते सांगते, म्हणजे माझ्या कौतुकातलं किती खरं धरायचं ते तुमचं तुम्हाला कळेल. माझी बी.एस्सी. 2019 ला सुरू झाली. पहिलं वर्ष संपायच्या आत लॉकडाऊन लागला. त्यानंतरची बरीचशी प्रॅक्टिकल्स मी घरी मोबाईलवर ‘पाहिली’. सर व्हिडिओ पाठवायचे, रीडिंगचा तक्ता पीडीएफमध्ये यायचा, आपण तो जर्नलमध्ये उतरवायचा. स्पेक्ट्रोमीटर मी पहिल्यांदा व्हॉट्सॲपवर बघितला. परीक्षा ऑनलाइन, चार पर्यायांतला एक निवडायचा. अशी फिजिक्सची पदवीधर मी, सोल्डरिंग मात्र उत्तम येणारी, कारण अण्णांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. माझी दोन वर्षांची फी, होस्टेल, मेस सगळं शेतकऱ्यांच्या जळक्या पाणबुडी मोटारींतून निघालं. उन्हाळा कडक असला की आमच्या घरी पैसा येतो.

आता वर्गातल्या शिकवण्याबद्दल. पहिल्या सेमिस्टरला मॅथेमॅटिकल मेथड्स, क्लासिकल मेकॅनिक्स, क्वांटम मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स. क्वांटमच्या सरांची वही पिवळी पडलेली होती. ते वहीतलं फळ्यावर उतरवायचे, आम्ही फळ्यावरचं वहीत. मध्ये मध्ये “म्हणजे बघा, हा जो हॅमिल्टोनियन आहे ना,” असं मराठीत सुरू व्हायचं आणि मला वाटायचं, आता कळणार. पण वाक्य “तो इथं आला” एवढ्यावर संपायचं. तो कुठून आला हे मला शेवटी आयआयटी मद्रासच्या प्रा. बालकृष्णन यांच्या एनपीटेलवरच्या (आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सेसवरच्या) व्याख्यानांतून कळलं. रात्री बारानंतर होस्टेलचं वाय-फाय जरा बरं चालायचं, तेव्हा गच्चीच्या जिन्यात बसून ऐकायचे. फुकट. त्यामुळे थिअरीसाठी विद्यापीठात जावं का, ह्याला माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. एक अपवाद करते. स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स शिकवायला तासिका तत्त्वावरच्या मॅडम होत्या. एन्ट्रॉपी, म्हणजे एखादी स्थिती किती मार्गांनी येऊ शकते त्याचं माप, शिकवताना त्यांनी खिशातली दहा नाणी टेबलावर टाकली आणि म्हणाल्या, “सगळे छापे पडायची वाट बघत बसा, मी चहा पिऊन येते.” सगळे छापे पडायचा एकच मार्ग, आणि पाच छापे-पाच काटे पडायचे 252. हे गणित आम्ही त्या परत येईपर्यंत केलं होतं. त्यांचं मानधन वेळेवर व्हायचं नाही, आणि पुढच्या वर्षी त्या दिसल्या नाहीत.

मग गेलीस कशाला, असं विचाराल. लॅबसाठी. एम.एस्सी. फिजिक्समध्ये पैसे देऊन विकत घेण्यासारखी वस्तू तेवढीच आहे, आणि बहुतेक मुलं तीच वस्तू न उघडता परत देतात.

ते कसं, ते सांगते. प्रत्येक विभागात एक ‘मास्टर जर्नल’ असतं. कुठल्यातरी जुन्या हुशार मुलाचं, झेरॉक्सची झेरॉक्स. प्रयोगाचा सेट चालू नसेल किंवा कंटाळा आला असेल, तर त्यातली रीडिंग घ्यायची, शेवटचा अंक इकडेतिकडे करायचा, सही घ्यायची. ह्याला आम्ही ‘पकवणं’ म्हणायचो. “फ्रँक-हर्ट्झ झाला?” “पकवला.” कुणालाच ह्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही, पीडीएफमधून उतरवण्याची सवय होतीच.

दुसऱ्या सेमिस्टरला माझ्याकडं हॉल इफेक्ट आला. एडविन हॉलनं 1879 मध्ये दाखवलेली गोष्ट, कल्पना सोपी. जर्मेनियमच्या पातळ स्फटिकातून काही मिलिअँपिअर करंट सोडायचा, आडवं चुंबकीय क्षेत्र द्यायचं, आणि स्फटिकाच्या दोन बाजूंमध्ये किती मिलिव्होल्ट येतात ते मोजायचं. त्यावरून आत धावणारे कण ऋण की धन, आणि ते किती, हे निघतं. क्षेत्रासाठी मोठा इलेक्ट्रोमॅग्नेट असतो, दोन कॉइल, मध्ये फट. मास्टर जर्नलमध्ये दोन अँपिअरला साडेतीन हजार गॉस (गॉस म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). माझा गॉसमीटर चाळीस दाखवत होता. प्रोब जरा सरकवला की तीस, आणखी सरकवला की साठ. पार्टनर म्हणाली, “मीटर गेलाय. पकवू.”

मीटर गेला नसावा, कारण छोटं कायमचं चुंबक जवळ नेलं की तो नीट वर जायचा. मी बाहेर येऊन दुकानात फोन लावला.

“अण्णा, मॅग्नेट भरंना.”

“करंट जातोय का?”

“दोन अँपिअर दाखवतोय.”

“दोन्ही कॉइली गरम होत्यात?”

“होतात. सारख्याच.”

“मग जळलं काय न्हाई. एका कॉइलचं स्टार्ट-एंड उलटं जोडलंय कुणीतरी. एक भरतीय, दुसरी उपसतीय. होकायंत्र हाय का तिथं? दोन्ही तोंडांजवळ धरून बग. आन् हे बग, वायर काढायच्या आधी करंट शून्यावर आण. चालू कॉइल तोडशील तर ठिणगी उडंल.”

होकायंत्र मामांच्या कपाटात निघालं. करंट अगदी कमी ठेवून एका ध्रुवाजवळ नेलं, सुईचं लाल टोक ओढलं गेलं. फटीच्या दुसऱ्या बाजूला नेलं, परत लालच. दोन्ही तोंडं एकाच जातीची. समोरासमोर ढकलाढकली चालली होती आणि मधल्या फटीत जवळजवळ काहीच उरत नव्हतं. करंट खाली आणला, एका कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, करंट हळूहळू वर नेला. तीन हजार दोनशे. साडेतीन हजार नाही, बत्तीसशे. मला तो आकडा अजून आवडतो.

मामांना विचारलं तर म्हणाले, नॅकची, म्हणजे विद्यापीठांना दर्जा देणारी, कमिटी यायची होती तेव्हा टेबलं हलवून भिंती रंगवल्या, त्यावेळी सगळं सोडून परत जोडलं होतं. म्हणजे मधल्या दोन बॅचनी त्या फटीत साडेतीन हजार गॉस ‘मोजले’ होते. लॅब इन्चार्ज सरांना सांगितलं. त्यांनी जुनी जर्नलं मागवली, चार-पाच उघडली आणि बराच वेळ बघत बसले. “सही माझीच आहे,” एवढंच बोलले. पुढच्या आठवड्यापासून ते दर टेबलापाशी येऊन स्वतः एक रीडिंग घ्यायला लागले. आमची बॅच माझ्यावर वैतागली.

खरी रीडिंग घ्यायला लागल्यावर जे कळतं ते पीडीएफमध्ये नसतं. चुंबकीय क्षेत्र शून्य असतानाही हॉल व्होल्टेज शून्य येत नाही, कारण स्फटिकावरची दोन टोकं अगदी समोरासमोर बसवलेली नसतात. मग क्षेत्राची दिशा उलटवून दोन्ही रीडिंग घ्यायची आणि फरकाचं अर्धं करायचं. माझा ग्राफ शून्यातून जात नव्हता, मास्टर जर्नलमधला अगदी टाचणीनं टोचल्यासारखा जात होता. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, “रेषा ओरिजिनमधून का जात नाही?” मी दहा मिनिटं बोलले. दोन वर्षांत फिजिक्सवर सलग दहा मिनिटं कुणी माझं ऐकून घेतलं, ते तेव्हाच.

मिलिकनच्या तेलाच्या थेंबांची गोष्टही अशीच. त्यानं 1913 मध्ये जाहीर केलेली इलेक्ट्रॉनच्या प्रभाराची किंमत आजच्यापेक्षा जराशी कमी आहे, कारण हवेच्या विष्यंदितेचा, म्हणजे घट्टपणाचा, आकडा त्यानं थोडा चुकीचा घेतला होता. गंमत पुढची आहे, आणि ती भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन सांगायचे. नंतरच्या लोकांचे आकडे एकदम बरोबर जागी गेले नाहीत. एकेक पाऊल वर सरकत गेले. मिलिकनपासून फार लांब आकडा आला की माणसं आपलीच चूक शोधत बसायची, जवळचा आला की शोधायची नाहीत. हे वाचलं तेव्हा मला आमची झेरॉक्सची झेरॉक्स आठवली. मास्टर जर्नल मोठ्या लोकांकडंही होतं तर.

मायकेल्सनच्या इंटरफेरोमीटरला (प्रकाशाच्या वर्तुळांवरून बारीक अंतर मोजायच्या उपकरणाला) मात्र संध्याकाळी सहानंतर बसा. दिवसा कॉरिडॉरमधून कुणी चपला फटफटवत गेलं की पडद्यावरची वर्तुळं थरथरतात आणि मोजणी मोडते. हेलियम-निऑन लेसरचा प्रकाश 632.8 नॅनोमीटरचा; शंभर वर्तुळं गिळली गेली की आरसा एक मिलिमीटरच्या साधारण तिसाव्या हिश्शाइतका सरकलेला असतो. मी एकशे चौऱ्याण्णवपर्यंत मोजलं होतं, तेवढ्यात वॉचमन काका कुलूप घेऊन आले. ते दारातच थांबले. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही, मी दोनशे म्हटल्यावर लाइट बंद करू का विचारलं.

सहलीबद्दल दोन ओळी. 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराला, नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. आमचा विभाग गाडी करून घेऊन गेला. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, एकूण पसारा 25 किलोमीटरपर्यंतचा. तबकडी म्हणजे भरीव पत्रा नव्हे, बारीक तारेची जाळी. रेडिओ लहरी लांब असल्यानं त्यांना जाळीही आरशासारखीच, आणि वारा आरपार जातो म्हणून सांगाडा हलका. फोन बंद ठेवावे लागतात. अण्णांना रात्री सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, “ती फिरवायला मोटार किती एचपीची?”

तक्रारी आता भराभर. मेस: आमटीत डाळ शोधायला जीएमआरटी लागेल. लायब्ररी: चांगली पुस्तकं ‘रेफरन्स’च्या शिक्क्यानं बांधलेली, घरी मिळत नाहीत, आणि रीडिंग हॉलमध्ये अर्ध्या खुर्च्यांवर एमपीएससीवाले. मला त्यांचा राग नाही, तेही कुठं बसणार? प्रोजेक्ट: चौथ्या सेमिस्टरला मला पातळ थर बनवायचे होते, व्हॅक्यूम पंपाचं तेल मार्चमध्ये मिळालं, मेमध्ये प्रोजेक्ट जमा. आमची जुन्या पॅटर्नची शेवटची बॅच. नव्या शैक्षणिक धोरणात आता ओजेटी म्हणजे बाहेर प्रत्यक्ष कामाचा अनुभवही आहे. तो नीट कंपनीत मिळाला तर तुम्ही माझ्यापेक्षा नशीबवान, नाहीतर त्याचंही मास्टर जर्नल तयार होईलच.

आणि नोकरी. हे आईवडिलांना स्पष्ट सांगा. नुसत्या डिग्रीवर कुणी बोलवत नाही. प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा काढायची, आणि ती निघाली तरी जागा निघायला हव्यात. आमच्या बॅचमधले बरेच जण आज बारावीच्या क्लासमध्ये शिकवतात आणि बरे कमावतात. ज्यांना खरंच संशोधनात जायचंय त्यांनी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षीच जॅम, म्हणजे आयआयटीतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, द्यावी. मला त्या परीक्षेचं नावच एम.एस्सी.च्या पहिल्या आठवड्यात कळलं. मी सध्या भोसरी एमआयडीसीत एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये, म्हणजे मोजायची उपकरणं बरोबर दाखवतात का ते तपासणाऱ्या लॅबमध्ये, आहे. मुलाखतीत डिग्रीचं कुणी काही विचारलं नाही. एक प्रेशर गेज पुढं ठेवला आणि म्हणाले, ह्यात चूक किती असू शकते आणि ती कुठून कुठून येईल, सांगा. मला हॉल इफेक्टचा तो ग्राफ दिसला, शून्यातून न जाणारा.

तारे द्यायचे तर वर्गाला दोन, मॅडमना पाच, मेसला अर्धा, लॅबला साडेचार. अर्धा कापलाय तो गॉसमीटरच्या प्रोबसाठी, त्याला चिकटपट्टी लावलेली आहे.

प्रवेश घ्यायच्या आधी एकदा विभागात जाऊन या. ऑफिसात माहितीपत्रक देतील, ते घ्या आणि पिशवीत ठेवा. सरळ लॅबमध्ये जा, मामांना नमस्कार करा, म्हणावं हॉल इफेक्टचा सेट बघायचाय. “सर आल्यावर या” म्हणाले तर दुसरं विद्यापीठ बघा. त्यांनी उठून कपडा झटकून दाखवला, तर फॉर्म भरा. जाताना सोबत होकायंत्र न्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळतं.