फायबर बॉडीवरच्या बारीक भेगांसाठी जेलकोट किट: पेस्ट झकास, माहितीपत्रक टाकाऊ

माझी गाडी जुनी, दोन सीटांची, बॉडी अख्खी फायबरग्लासची. पत्रा नाही म्हणून गंजाची कटकट नाही; त्या बदल्यात केसाएवढ्या भेगा. बोनेटवर बिजागरीपाशी समांतर रेघा, आणि मागच्या मडगार्डवर कोळ्याच्या जाळ्यासारखी एक नक्षी. त्यासाठी हे किट आणलं: जेलकोटची (म्हणजे फायबर बॉडीच्या सगळ्यात वरच्या गुळगुळीत थराची) पांढरी पेस्ट, हार्डनरची इवलीशी बाटली, प्लॅस्टिकची पातळ फिल्म, पातं आणि पॉलिश पेपर.

पेस्टला पैकीच्या पैकी मार्क. उभ्या भागावरही ओघळत नाही आणि पॉलिएस्टर रेझिनच्या जुन्या बॉडीला घट्ट धरते. हार्डनर मात्र वजनाने मोजा, सुमारे 2 टक्के, म्हणजे 50 ग्रॅम पेस्टला 1 ग्रॅम. माहितीपत्रकात थेंब मोजायला सांगितलेत, पण सगळे थेंब कुठे सारखे पडतात? हे हार्डनर म्हणजे एमईकेपी (मिथाइल इथाइल किटोन पेरॉक्साइड) हे रसायन, डोळ्यांत उडालं तर कायमची इजा होऊ शकते. सुरक्षा चष्म्याशिवाय बाटली उघडू नका. घासताना मास्कही हवा, काचेची धूळ असते ती.

फिल्म फालतू वाटते, पण तीच कामाची. जेलकोट हवेला उघडा राहिला की वरून चिकटच राहतो, कारण ऑक्सिजन त्याला पुरतं घट्ट होऊ देत नाही. फिल्म दाबून बसवा, मग बघा. ‘वाळतच नाही’ अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी बहुधा ती फेकून दिलेली असते. अर्थात गारठ्यात काम केलं तर फिल्मही काही करू शकत नाही.

आता माहितीपत्रक. ‘भेगेवर पेस्ट ओढा, घासा, रंगवा.’ अहो, एवढ्या अरुंद भेगेत पेस्ट शिरणार कशी? ती वरच्यावर बसते आणि घासताना निघून जाते. भेग आधी व्ही आकारात उघडावी लागते, तिचा तळ दिसेनासा होईपर्यंत. शाई लावून लगेच पुसली की भेगेत काळी रेघ उरते आणि ती कुठवर गेलीय ते कळतं. मग 80 नंबरचा पेपर, ॲसिटोनने पुसणं, आणि त्यानंतर पेस्ट. भरताना थोडी उंच ठेवा, घट्ट होताना ती आकसते.

आणि भेग मुळात का पडली, याबद्दल तर त्यात अवाक्षर नाही. जाळीसारखी नक्षी बहुतेक वेळा ठोक्याने येते. समांतर रेघा म्हणजे पॅनल तिथे लवतंय. लवणारी जागा नुसती वरून भरली तर भेग नव्या रंगातूनही डोकं वर काढते. बोनेटला मी आतून 300 ग्रॅमच्या (दर चौरस मीटरला) मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या जाड कापडाचे, थर रेझिनने चढवले, वरचं काम त्यानंतर. मॅट आणि रेझिन किटमध्ये नाहीत, वेगळे घ्यावे लागतात. अख्खं पॅनलच तडकलं असेल तर या किटच्या नादी लागू नका. पूर्ण घासून ग्लास टिश्यू (काचतंतूंचं अगदी पातळ कापड) चढवण्याचं काम आहे ते. भेगेत आधी कुणी इपॉक्सी (वेगळ्या प्रकारचं रेझिन) भरलं असेल तरी जपून, त्यावर ही पेस्ट नीट धरत नाही.

रंगाची घाई करू नका. पेस्ट पुरती बसायच्या आत रंग मारलात तर भरलेली रेघ नंतर खोलगट दिसते. आणि रंगवणारच नसाल तर पिवळट पडलेल्या जुन्या बॉडीवर हे पांढरं ठिगळ लांबून ओळखू येईल.

पाचपैकी साडेतीन. पुढच्या वेळी पेस्ट आणि हार्डनर सुटे घेईन. पातं बोथट आहे आणि पेपर तर दोन हातांतच गुळगुळीत होतो.