शाळेसाठीचं डीएनए किट: मण्यांसाठी घ्या, बाटली बाजूला ठेवा

नववीच्या ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ या धड्यासाठी ऑनलाइन मागवता येणाऱ्या या किटमध्ये केळ्यातून डीएनए काढायचं साहित्य, डीएनएची रचना दाखवणारी बारा जोड्यांची प्लॅस्टिकची शिडी आणि मण्यांच्या दोन पिशव्या येतात. किंमत साडेआठशे. खेड्यातल्या शाळेनं घ्यावं का? घ्यावं, पण मण्यांसाठी.

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलाय तो डीएनए काढण्याचा प्रयोग, आणि तोच फसतो. बाटलीतलं अल्कोहोल ७० टक्क्यांचं, म्हणजे सॅनिटायझरच्या तोडीचं. रसात निम्मंनिम्म मिसळलं की ते ३५ टक्क्यांवर येतं आणि डीएनए पाण्यातच विरघळलेला राहतो. ९० टक्क्यांच्या वरचं हवं. तालुक्याला मोबाईल दुरुस्तीवाले बोर्ड पुसायला ‘आयपीए’ (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरतात, ते चालतं. लेबलवर ९९ टक्के आहे ना ते बघावं आणि विस्तवापासून लांब ठेवावं. ते बर्फासारखं गारही पाहिजे. विदर्भातल्या उन्हाळ्यात माठाचा गारवा कामाचा नाही. फ्रीज नसेल तर कुल्फीवाल्याची युक्ती करावी: तीन वाट्या फोडलेला बर्फ, एक वाटी जाडं मीठ, त्यात घट्ट झाकलेली बाटली अर्धा तास.

केळ्यापेक्षा वाटाणे बरे. रात्रभर भिजवलेले हिरवे वाटाणे १०० मिली मापाचे, गार पाणी २०० मिली, चिमूटभर मीठ, मिक्सरमध्ये १५ सेकंद. जास्त फिरवलं तर धागे तुटतात. किटमधला फिल्टर पेपर लगेच चोंदतो, जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा घ्यावा. गाळलेल्या रसात भांडी घासायचं लिक्विड दोन मोठे चमचे, फेस न काढता ढवळून १० मिनिटं ठेवावं. साबण पेशीचं आणि केंद्रकाचं स्निग्ध पटल फोडतो. मीठ डीएनएवरचा ऋणभार झाकतं, म्हणून धागे एकमेकांना चिकटू शकतात. मग ग्लास तिरपा धरून रसाइतकंच अल्कोहोल काठानं सोडायचं. रस आणि अल्कोहोलच्या सांध्यावर पांढरे तंतू दिसू लागतात, काडीवर गुंडाळता येतात. हा निव्वळ डीएनए नव्हे, त्यात प्रथिनं आणि इतर गाळही असतो. पुस्तिका याबद्दल गप्प आहे.

शिडीबद्दल थोडक्यात: डीएनएच्या पायऱ्या चार घटकांच्या जोड्यांनी बनतात; ॲडेनीन (ए)-थायमीन (टी) जोडीला दोन बंध, ग्वानीन-सायटोसीनला तीन. इथे सगळ्या तुकड्यांना एकच खाच, त्यामुळे ॲडेनीन ग्वानीनलाही बसतं. मार्करनं ठिपके काढून घ्या. पीळ साध्या स्क्रूसारखा उजवा द्यायचा.

मण्यांची कल्पना मात्र झकास. लाल मणी नेहमीचं जनुक, काळा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या पोरांना हा शब्द नवा नाही. बीटा ग्लोबिन या हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाच्या जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो आणि साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसतं; एवढ्या एका अक्षरापायी तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. एक पिशवी आईची, एक वडिलांची; दोघं वाहक (एक नेहमीचं, एक सिकलसेलचं जनुक असलेले), म्हणून प्रत्येक पिशवीत एक लाल, एक काळा. न बघता दोन्हींतून एकेक काढा, लिहा, परत टाका. ‘परत टाका’ हेच पत्रकात नाही! परत टाकलं नाही तर दुसरं मूल पहिल्यावर अवलंबून राहतं. ४० वेळा काढल्यास दोन काळे, म्हणजे आजारी मूल, साधारण १० वेळा येतात. चारच वेळा काढले तर एकदाही येणार नाहीत किंवा दोनदाही येतील. म्हणून ‘चार मुलांपैकी एक आजारी’ हे छापील वाक्य खोडून ‘दर गरोदरपणात २५ टक्के शक्यता’ असं लिहावं. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हेही. आणि कुणाच्या घरी सिकलसेल तपासणीचं कोणतं कार्ड आहे, हे वर्गात विचारू नये. कल्पनेतलं कुटुंब घ्यावं.

शेवटच्या पानावर जीभ गुंडाळता येणं हे एकाच जनुकाचं काम म्हणून दिलंय. तसं नाही, एकसारख्या जुळ्यांतही एकाला जमतं, दुसऱ्याला नाही. हा तक्ता घरी गेला तर आई-बाबांना न जमणारं आपल्याला जमतं म्हणून एखादं लेकरू आपण बाबाचं नाही की काय, असं विचारत बसेल. त्या पानाला स्टेपलर मारूनच पुस्तिका वाटा.