बिनरेषेची चाळिशी: चार महिन्यांनंतर

मराठीत या चष्म्याला थेट वयाचंच नाव आहे, चाळिशी. मला ती लागली त्रेचाळिसाव्या वर्षी आणि मी मान्य केली सत्तेचाळिसाव्या. लांबचा नंबर उणे दोन शाळेपासूनच, त्यामुळे वाचताना चष्मा कपाळावर चढवायचा, मान वर केली की परत नाकावर. चार वर्षं असंच भागवलं. डॉक्टर म्हणाल्या, डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होतं, व्यायामानं परत मऊ होत नाही.

दोन नंबरांमध्ये रेषा असलेला बायफोकल नको म्हटलं. आईच्या चष्म्यात खाली ती चंद्रकोर होती आणि लहानपणी मला ती म्हातारपणाची खूण वाटायची. प्रोग्रेसिव्हला रेषा नसते: वर लांबचा नंबर, मध्ये कॉम्प्युटरच्या अंतराचा, खाली वाचण्याचा, सगळं एकात एक मिसळलेलं. १९५९ पासून अशी भिंगं बाजारात आहेत. थोडक्यात, मी जास्तीचे पैसे मोजले ते वय लपवायला.

पहिले बारा दिवस वाईट गेले. जिन्याची पायरी तरंगायची, दाराची चौकट वाकायची. स्क्रीन वाचायला हनुवटी इतकी वर करावी लागे की मान आखडली. दुकानदाराचं एकच पालुपद, "सवय होईल." शेवटी भिंग परत मोजायला लावलं, तर बुबुळासमोर यायची भिंगावरची खूण तीन मिलिमीटर खाली धरलेली निघाली. भिंगं बदलून मिळाली आणि मान सुटली. तेव्हा फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवून, सरळ समोर बघत असतानाच खूण करून घ्या. आणि फ्रेम उंचीला फार कमी नको, खालचा वाचायचा भाग कापला जातो.

एक गोष्ट मात्र भिंगं बदलूनही राहिली. डाव्या-उजव्या कडेला सगळं पुसट दिसतं. तो दोष नाही, या भिंगांची घडणच तशी. नजर फिरवून चालत नाही, मान वळवावी लागते. आता माझा नवरा नेहमी माझ्या उजवीकडे बसतो. वीस वर्षं मी त्याच्याशी डोळ्याच्या कोपऱ्यातून बोलत आले, लॅपटॉपवरची नजर न काढता, "हं" म्हणत. आता कोपऱ्यात तो नुसता पाण्यातल्या सावलीसारखा हलतो.

एका रात्री काहीतरी विचारत होता म्हणून पूर्ण वळले. गोळ्यांची पट्टी दिव्याखाली धरून, हात लांब करून, कपाळाला आठ्या घालून तारीख वाचायचा प्रयत्न चालला होता.

"हे कधीपासून?"

"झाली दोन वर्षं."

माझा चष्मा त्याच्या नाकावर ठेवला. "गरगरतंय," म्हणाला आणि लगेच काढून दिला.

पाचात चार तारे. एक कापला तो त्या बारा दिवसांचा. शनिवारी त्याची तपासणी आहे. त्याला बायफोकलच हवाय, चंद्रकोरवाला.