क्रायोलनचे ॲक्वाकलर आणि सुप्राकलर: गॅदरिंगच्या वाघापासून एकांकिकेतल्या जखमेपर्यंत

रंगभूषेच्या दुकानात क्रायोलन या ब्रँडची ॲक्वाकलर आणि सुप्राकलर ही दोन पॅलेट बहुधा शेजारीशेजारीच मांडलेली असतात. झाकण लावलेलं असलं की दिसायलाही साधारण सारखीच. गॅदरिंगच्या आदल्या संध्याकाळी घाईत भलतंच उचललं जातं, आणि मग ‘पाणी लावलं तरी रंग उठतच नाही’ किंवा ‘पहिल्याच गाण्यात सगळं ओघळलं’ अशी तक्रार सुरू होते. ॲक्वाकलर ग्लिसरीनवर बांधलेला आहे, तो पाण्याने उठतो आणि पाण्यानेच जातो. सुप्राकलर म्हणजे ग्रीसपेंट, तेलकट रंग. त्याला पाणी चालत नाही, पावडर लागते. पुढचं बरंचसं या एका फरकावर चालतं, अगदी जखमेचं मेण रंगवणंसुद्धा.

आधी ॲक्वाकलर. मुलांचे वाघ, फुलपाखरं, माकडं, भुतं यांना हाच घ्यावा. पांढरा ०७० आणि काळा ०७१ हे दोन क्रमांक लक्षात ठेवून सुटे घ्यावेत, कारण पॅलेटमधले हे दोनच रंग आधी संपतात. वाघ करताना स्पंज भिजवून घट्ट पिळायचा, पाणी टपकता कामा नये. पिवळा उचलून कपाळाच्या मध्यापासून नाक आणि गालांपर्यंत थोपटत जायचं. पुसायचं नाही, पुसलं की पट्टे उमटतात आणि ते नंतर झाकले जात नाहीत. पिवळा अर्धवट ओला असतानाच त्याच स्पंजच्या दुसऱ्या टोकाने कडेने नारिंगी घ्यायचा, म्हणजे दोन्ही रंग आपोआप एकमेकांत मिसळतात. भुवयांच्या वर आणि तोंडाभोवती पांढरा. मग मिनिट-दीड मिनिट थांबायचं. बोट टेकवून रंग बोटाला लागला नाही, तरच काळ्याला हात घालायचा. पट्ट्यांसाठी ३ किंवा ४ नंबरचा गोल ब्रश घ्यावा. रंग घट्ट शाईइतका दाट हवा. ब्रश कडेला दाबून ठेवायचा आणि आत येताना उचलत न्यायचा, पट्टा आपोआप निमुळता होतो. काळ्यासाठी पाण्याची वाटी वेगळीच ठेवायची.

फसतं ते बहुतेक पाण्यामुळे. पाणी जास्त झालं की रंग पारदर्शक होतो आणि हनुवटीकडे धावतो. कमी पडलं की स्पंज ओढला जातो, रंग दाणेदार बसतो आणि मूल हसलं की गालावर भेगा पडतात. दुसरी गोष्ट, हा रंग वाळल्यावरही पाण्याला ओळखतो. काळ्यावर पांढरे ठिपके देताना ब्रश ओलसर असेल, तर खालचा काळा विरघळून वर राखाडी येतं. पांढरा दाट घ्या, ठिपका एकदाच टेकवा, पुन्हा त्यावर जाऊ नका.

घामाचं काय? एसी नसलेल्या सभागृहात एप्रिलच्या दुपारी ॲक्वाकलर आधी वरच्या ओठावर आणि नाकपुड्यांशी सुटतो. वर अल्कोहोलवाला फिक्सिंग स्प्रे मारला तर बराच तगतो. स्प्रे हातभर अंतरावरून, डोळे आणि तोंड मिटून. लहान मुलांना तो मारूच नये. घाम आला तर टिश्यू नुसता टेकवून टिपायचा. रुमालाने पुसलं तर अर्धा वाघ रुमालावर येतो. नाच तासभर चालणार असेल किंवा प्रयोग दोन अंकी असेल, तर मोठ्यांसाठी सरळ सुप्राकलर घ्यावा.

सुप्राकलर घामाला दाद देत नाही, पण त्याची एक अट आहे: थर पातळ आणि पावडर भरपूर. बोटाने किंवा कोरड्या स्पंजने इतका पसरायचा की खालच्या कातडीचा पोत दिसत राहावा. मग पफवर पारदर्शक पावडर घेऊन दाबत जायचं, चोळायचं नाही. मिनिटभराने मोठ्या मऊ ब्रशने उरलेली झटकायची. चकाकी पूर्ण गेली की रंग बसला असं समजायचं. पावडर न लावता दिव्याखाली गेलं की रंग डोळ्यांखालच्या घडीत जमतो आणि पोशाखाच्या गळपट्टीला लागतो. उतरवताना खोबरेल तेल, मग टिश्यू, मग फेसवॉश. नुसत्या साबणाने घासत बसलं तर चेहरा लाल होतो आणि रंग तिथेच राहतो. पावडर न मारलेल्या सुप्राकलरवर ॲक्वाकलर चढत नाही, थेंब होऊन घरंगळतो.

बाकीच्या ब्रँडबद्दल थोडक्यात. ब्रिटिश स्नॅझरू मुलांच्या जत्रेला उत्तम, साबणपाण्याने झटकन जातो, पण थर पातळ बसतो आणि बारीक रेषेला तितकी धार येत नाही. मेहरॉनचा पॅराडाइज ॲक्वाकलरच्याच जातीचा, मऊ आणि मिसळायला सोपा. फक्त रेषांचंच काम असेल, तर मेणाचा अंश जास्त असलेला वुल्फसारखा रंग काळा आणि पांढरा असे दोनच घेऊन ठेवावेत.

आता जखम. कपाळावर किंवा गालाच्या हाडावर उघडा घाव करायचा तर डर्मावॅक्ससारखं मेण. त्वचा आधी टोनरने पुसून तेल काढून टाकायचं. घावापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर स्पिरिट गम (रंगभूषेतला त्वचेवर लावायचा डिंक) लावून बोटाने टकटक करत राहायचं. बोट चिकटून तार सुटू लागली की तयार. त्यावर कापसाचे चार तंतू दाबायचे, मेणाला पकड मिळते. वालाच्या दाण्याएवढं मेण बोटांत मऊ करून मधोमध ठेवायचं आणि बोटाला पेट्रोलियम जेलीचा नुसता हात लावून कडा बाहेरच्या बाजूला पसरायच्या. सगळं कसब या कडांमध्ये आहे. मध्ये उंची आणि कडेला शून्य असं झालं नाही, तर तिसऱ्या रांगेतूनही चुइंगम चिकटवल्यासारखं दिसतं. जेली जास्त झाली की कडा उचकटतात. मग स्पॅट्युलाच्या बोथट कडेने घाव चिरायचा, कडा थोड्या वर उचलायच्या, आणि ओल्या खरखरीत स्पंजने हलकं टेकवून रोमछिद्रांचा पोत उमटवायचा. वर सीलरचा, म्हणजे मेण झाकून धरणाऱ्या पातळ द्रवाचा, एक हात.

रंगवायची वेळ आली की इथेही तेच पाणी-तेलाचं गणित. मेणावर ॲक्वाकलर धरत नाही, सुप्राकलरच हवा. घावाच्या तळाशी गडद लाल आणि थोडा काळा, आतल्या भिंतींना लाल, भोवती स्टिपल स्पंजने (मोठ्या भोकांच्या खरखरीत स्पंजने) तुटक लालसरपणा, बाहेर त्वचेचा रंग. मेण ओठांच्या कोपऱ्यात किंवा भुवयांमध्ये लावू नये. तिथला स्नायू संवादागणिक हलतो आणि मेण फाटतं. पार लाइटच्या, म्हणजे रंगमंचावरच्या तापणाऱ्या दिव्याच्या, अगदी जवळ उभं राहायचं असेल, तर मेण मऊ होऊन घसरतंही.

भाजलेल्या कातडीसाठी लिक्विड लॅटेक्स, म्हणजे पातळ रबर. एकपदरी टिश्यू हाताने फाडून घ्यावा, कापू नये, कारण फाटलेली कड त्वचेत विरते. लॅटेक्स, टिश्यू, पुन्हा लॅटेक्स. प्रत्येक थर थंड ड्रायरने सुकवून पावडर. तीन थर पुरे. मग मध्येच चिमटीने उचलून फाडायचं, आत लाल, कडांना काळपट. लॅटेक्समध्ये अमोनिया असतो, डोळे चुरचुरतात. भुवई, पापणी, दाढी यांच्यावर लावलं तर निघताना केस घेऊनच निघतं. रबराचे हातमोजे किंवा फुगे ज्यांना खाजतात, त्यांना हे अजिबात लावू नये. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर तो तिथेच संपला. जुन्या जखमेच्या व्रणासाठी रिजिड कोलोडियन नावाचा द्रव मिळतो, ते सुकताना त्वचा आत ओढून घेतं. पण ते झटकन पेट घेतं, आणि रोजच्या प्रयोगाला त्याच जागी लावत राहिलं तर त्वचा खरोखर दुखावते.

मुका मार दाखवताना सगळेजण निळी आयशॅडो फासतात, आणि तो मार न दिसता मेकअपच दिसतो. ताजा मार लालसर असतो, मग जांभळा-निळा होतो, काही दिवसांनी कडेने हिरवट आणि शेवटी पिवळा. कथेत मारामारी कालची असेल तर हिरवा काढू नका.

रक्त विकत घेताना ते दिसायला कसं आहे यापेक्षा ते सुकणार की वाहणार, हे आधी ठरवा. फिक्सब्लड नावाचं नकली रक्त सुकून बसतं, कपड्याला लागत नाही. उतरवायला मात्र रिमूव्हर लागतो. वाहत्या रक्ताला घरचं पुरतं: अर्धा कप लिक्विड ग्लुकोज, दोन चमचे पाणी, अर्धा चमचा लाल खाण्याचा रंग, पाव चमचा कोको पावडर, निळ्याचा एक थेंब. कोकोमुळे ते सरबतासारखं पारदर्शक दिसत नाही. पांढऱ्या सुती सदऱ्यावरून हा रंग सहजी निघत नाही, आणि ग्रीनरूममध्ये वाटी उघडी राहिली तर मुंग्या येतात. प्रकाशयोजनाकाराला आधी विचारून घ्या: लाल जेलखाली (दिव्यापुढे लावायच्या रंगीत कागदाखाली) रक्त फिकट पडून दिसेनासं होतं, निळ्याखाली काळं दिसतं.

मुलांच्या बाबतीत, कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका आदल्या दिवशी लावून बघा. डब्यावर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेले पोस्टर कलर आणि ॲक्रिलिक त्वचेसाठी केलेले नसतात. क्राफ्टची चमकी डोळ्यात गेली तर बुबुळावर ओरखडा उठू शकतो, चमकी कॉस्मेटिकचीच हवी. निऑन रंगांच्या डब्यावर डोळ्यांपासून दूर ठेवण्याची सूचना असेल तर ती पाळा. नकली पॅलेटही फिरतात. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, आयात नोंदणी क्रमांक आणि बॅच नंबर छापलेला असतो. नुसतं चकचकीत खोकं आणि अर्धी किंमत दिसली तर परत ठेवा.

एका मुलाला एक स्पंज, नंतर साबणाने धुऊन कडक उन्हात. ॲक्वाकलरचं पॅलेट वापरून झाल्यावर रात्रभर उघडं वाळू द्या. ओलं असतानाच झाकण लावलं तर पावसाळ्यात वर बुरशीचे ठिपके येतात. बुरशी आलेली रंगाची वडी वरून खरवडून पुन्हा वापरू नका, फेकून द्या.