ससाणा येणारच, मग फीडर खांबावर की काचेला?

न्यू जर्सीत थंडी सुरू झाली की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, पाखरांना दाणे ठेवायचा फीडर कुठे लावू? मी चार हिवाळे खांब वापरला, गेल्या वर्षापासून काचेला चिकटवायचा फीडर. कुठेही लावा, ससाणा चुकत नाही. आमच्याकडे कूपर्स हॉक येतो, आपल्या शिक्र्याचा थोराड चुलतभाऊ म्हणा. (शेजाऱ्याने छर्‍याच्या बंदुकीची गोष्ट काढली होती. स्थलांतरित पक्ष्यांच्या १९१८ च्या अमेरिकन कायद्याने या पक्ष्याला इजा करता येत नाही, हे त्याला सांगावं लागलं.)

खांबाचे फायदे खरेच मोठे. एकदा भरला की आठवडा निघतो, कार्डिनल पक्षी ऐसपैस बसतात. पण सांडलेले दाणे टिपायला खाली होले जमतात आणि होले दिसले की हे महाशय हजर.

तरी मला त्रास झाला तो ससाण्याचा नव्हे, काचेचा. तो कुंपणाआडून जमिनीलगत यायचा, सगळा थवा भेदरून उडायचा आणि त्यातलं एखादं पाखरू स्वयंपाकघराच्या खिडकीवर धप्प! माझा खांब खिडकीपासून पंधरा फुटांवर होता, तिथेच चुकलं. फीडर काचेच्या तीन फुटांच्या आत हवा, नाहीतर तीसच्या पलीकडे. मधल्या अंतरात पाखराला पुरता वेग मिळतो. एका सकाळी मी पोहे परतत असताना काचेवर होल्याचा पिठासारखा ठसा उमटला, पंखाचं पीस न् पीस मोजता येईल असा. होला खाली पडला, ससाण्याने तो आरामात उचलला. ती काच पुसायला मला चार दिवस लागले. मग दोन आठवडे फीडर काढून ठेवला, ससाणा गेला. परत टांगला, परत आला.

काचेच्या फीडरलाही कटकटी आहेत. मूठभर दाणे मावतात, रोज भरा. कडाक्याच्या थंडीत सक्शन कप सुटतात. कोमट पाण्यात बुडवून दाबले की बरे टिकतात. होल्यांना त्यावर बसता येत नाही, हे मला तरी बरंच वाटतं. धप्प मात्र एकदाही ऐकलं नाही.

तुमचं अंगण लांबलचक असेल आणि फीडरपासून दहाएक फुटांवर दाट झुडूप असेल, तर खांब लावा, मी अडवणार नाही. आमच्यासारखं हातभर अंगण असेल तर माझा कल काचेकडे.

फेब्रुवारीत ससाणा डेकच्या कठड्यावर येऊन बसला. फीडरवरची चिकडी, एक चिमुकलं पाखरू, जागच्या जागी थिजली, माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर. वीस मिनिटं तिने मान हलवली नाही. तो गेल्यावर चोचीतला दाणा तिने तिथेच फोडायला घेतला.